ताईंची कोरी पत्रं

कोणत्या तोंडानं सांगू? पण दुसऱ्या कोणाकडून ऐकाल तर मीठ-मिरची लावून ऐकाल, त्यापेक्षा मीच सांगते. असा घोळ घातला मी, का अख्खं समुद्रपूर अजून माझ्याकडे पाहून तोंडाले पदर लावते!

आमच्या गल्लीत ताई राहतात. ताईले दिसत नाई अन् ऐकूही येत नाई. लहानपणच्या तापानं दोन्ही नेलं. पण बाई अशी तिखट, का आपल्यासारख्या लेकरांले शाळा मिळाली पाहिजे म्हणून थेट दिल्लीपर्यंत भांडून आली! आता त्याहीच्या कागदपत्रांची एक खोली होणार होती, लोकांले पाहाले. फोटो, शाली, पेपरातली कात्रणं अन् पेटीभर पत्रं.

ताईची भाची मीनल मले म्हणे, "काकू, सामान लावून द्याल? फोटो एकीकडे, कात्रणं एकीकडे, पत्रं एकीकडे."

"चौथी पास आहे मी! पत्र कोणतं अन् फोटो कोणता, समजत नाई का मले?"

खरं सांगू? मले त्या घरात शिराचंच होतं. डोळे नाई, कान नाई, अन् ह्या बाईले दुनियेतलं सारं कळते कसं? मीनल ताईच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढे, ताई तिच्या हातावर उत्तर काढत. मी झाडू हातात धरून पाहतच राहो.

अन् पत्रं तर काय विचारता! साहेबांची, मास्तरांची, कोणकोणत्या गावच्या बायांची. कोणी देवी म्हणे, कोणी वाघीण म्हणे. मी एकेक वाचून पाहे. कामापेक्षा वाचणंच जास्त.

पेटीच्या तळाशी मात्र जाड-जाड कागदांचा एक गठ्ठा निघाला. उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. शाईचा एक थेंब नाई! नुसते बारीक फोड आल्यासारखे टिंब. आता कोऱ्या कागदाले कोणी टिंब काऊन पाडन? विचार विचार विचार केला, अन् डोक्यात उजेड पडला. पापड चिकटू नाई म्हणून! हा तर वाळवणाचा कागद!

हसू नका. तुम्ही असते तर काय केलं असतं?

खोली पाहाले पाहुणे येणारच होते. मीनल वर्ध्याले गेलती. मी तांदळाची उकड काढली, पापड लाटले, गच्चीवर कागद अंथरले. खडबडीत बाजू खाली, गुळगुळीत वर. त्यावर पापड. वाकडे होऊ नाई म्हणून घडीभर वरून लाकडी पाट दाबला, मग ऊन दाखवलं. संध्याकाळी असे कडक पापड निघाले, का वा! मीठ पाहाले चार तळून खाल्ले.

मग एक कच्चा पापड ताईच्या हातात दिला. म्हटलं, बोटानं तर कळन किती पातळ लाटला ते.

ताईचं बोट पापडावर फिरलं. थांबलं. परत फिरलं, डावीकडून उजवीकडे. चेहराच बदलला. तेवढ्यात मीनल आली. ताईनं तिचा हात ओढून भराभरा काहीतरी काढलं.

"काकू, ह्या पापडावर लिहिलं आहे."

"कोणी लिहिलं? मी तर हातही धुतले होते!"

"'तुम्ही आहात हे कळलं तेव्हापासून मी एकटी नाही,' असं लिहिलं आहे. काकू, पापड कशावर वाळवले?"

"कोऱ्या कागदावर."

मीनल गच्चीवर धावली. कागद घेऊन आली तर टिंब सारे चपटे झालेले. मग तिनं सांगितलं, ते टिंब म्हणजे बोटानं वाचाची अक्षरं, ब्रेल म्हणतात त्याले. बाकी सगळ्यांची वाहवा ताईले मीनलच्या बोटातून कळे. तेवढी ही पत्रं ताई कोणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या बोटानं वाचत. लिहिणारी एक पोरगी, ताईसारखीच, ना डोळे ना कान. आलेलं शेवटचं पत्रही त्याच गठ्ठ्यात ठेवलेलं, ते तर ताईनं अजून धड वाचलंही नव्हतं.

जन्मात कोणासमोर मान खाली घातली नाई मी. त्या दिवशी घातली.

अन् ताई? ताईनं पदर खोचला. बाजेवर सारे पापड मांडाले लावले अन् एकेक चाचपून ओळी जुळवू लागल्या. कागदावरचे टिंब पापडावर जसेच्या तसे उठलेले! मीनल मोठ्यानं बोलत होती, "'मी शिवण शिकली… सुई स्वतः ओवते… ताई, तुम्हाला एक विचारायचं आहे…' काकू, पुढचा पापड द्या."

मी बाजेखाली वाकून पाहाल्यासारखं केलं.

"काकू, पुढचा पापड?"

"पोटात आहे."

मीनलनं कपाळावर हात मारला. मग ताईच्या हातावर तिनं ते काढलं, अन् ताई हसल्या. अशा हसल्या का बाज हालू लागली! त्याच बैठकीत पोरीले उत्तर लिहिलं: तुझं पत्र पोचलं, शेवटच्या ओळी आमच्या शेजारणीनं तळून खाल्ल्या, परत लिही.

खोली उघडली त्या दिवशी काचेखाली शाली कमी अन् माझे पापड जास्त. लोक फोटो काढत होते, मी दाराआड.

पंधरा दिवसांनी पोरीचं पत्र आलं. ताईनं बोटानं वाचलं, दोनदा. मीनलनं मले सांगितलं, पोरीनं विचारलं होतं, "तुम्हाला कधी भीती वाटते का?"  मग ताईनं मले जवळ बोलावलं, पत्र माझ्याच हातात दिलं, जपून ठेवाले. माझे डोळे भरून आले हो! एवढं झाल्यावरही माझ्यावर भरवसा!

त्याहीनं माझा तळहात उघडला. आजपर्यंत माझ्या हातावर कधी काही लिहिलं नव्हतं. मी श्वास धरून एकेक अक्षर जुळवलं.

"तळू नको."