गुरम्माच्या शेजारची जागा

चाकूरपासून थोडं आत, ओढ्याकाठच्या आपल्या वावरात संगप्पा रोज सकाळी जायचे आणि दोन माणसांचं भांडण एकटेच भांडायचे.

"च्या पिऊन आलाव का तसंच आलाव?" हा बायकोचा, गुरम्माचा आवाज. ती भालकीकडची, त्यामुळं तिच्या मराठीला कानडी हेल. संगप्पा तो हुबेहूब काढायचे.

"पेलो की."

"खोटं सांगू नका री! ओठ कोरडे हायत."

ओठ खरंच कोरडे असायचे. मग संगप्पा तिच्या समाधीवरची वाळकी पानं वेचायला लागायचे. गुरम्मा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात सांगणारं कुणी नव्हतं आणि ऐकणारंही. म्हणून दोन्ही कामं त्यांनीच अंगावर घेतली होती.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवतात. माणूसभर खोल खड्डा, त्यात मांडी घातलेलं माणूस, तळहातावर इष्टलिंग, तोंड उगवतीला. गुरम्मानं आपली जागा स्वतःच हेरून ठेवली होती. ओढा जिथं वळसा घेतो त्या टोकावर, तीन अंगांनी पाणी. "थंडगार हाय. मागनं तुमी बी इकडंच या," असं ती गावाला जाताना सांगावं तसं सांगून गेली. टोकावर एकाच माणसाची सोय. दुसऱ्यानं बसायचं ते वावराच्या अंगाला, अगदी तिला लागून.

नेमकी तिथूनच हायड्रोजनची पाइपलाइन गेली.

मोजणीला पाइपलाइनवाल्यांचा, लातूरचा अनिमेष आला होता. स्वच्छ बूट, स्वच्छ मराठी. समाधी दिसताच त्यानं हात जोडले. "आजोबा, आपण लाइन थोडी सरकवू. समाधीला धक्का लागणार नाही." संगप्पांना एवढं बरं वाटलं, की त्यांनी स्वतःसाठी कधी न केलेला चहा त्याच्यासाठी केला. चहा पिता पिता त्यानं विचारलं, "आणि समाधीच्या या बाजूला काही आहे का?"

संगप्पांनी त्या बाजूला पाहिलं. "काय बी न्हाई. रिकामंच हाय."

झालं. पाइप गाडला गेला, माती बसली, पिवळे खांब उभे राहिले. वायू सोडायच्या आधी गावात सुरक्षेची बैठक घ्यायचीच असा नियम, म्हणून नांदेडहून मुग्धा मॅडम आल्या. लाइनीच्या सुरक्षेची तपासणी त्यांच्याकडं. मारुतीच्या पारावर माणसं जमली.

"हायड्रोजनला वास नाही, रंग नाही," मॅडम सांगत होत्या. "पेटला तर दिवसा ज्वाळसुद्धा धड दिसत नाही. म्हणून खांबांच्या मधल्या पट्ट्यात विहीर नाही, बोअर नाही, झाड नाही. पेरा, कापा, पण खोल खोदायचं नाही."

"मंजे जिमीन आमची आन् तिचं पोट तुमचं!" शेजारच्या रानातला निवृत्ती बोलला. सगळा पार हसला.

संगप्पा उठले. "मॅडम, मला एकच खड्डा पायजे."

"कशासाठी, आजोबा?"

"माझ्यासाठी."

हसणं थांबलं.

"मी काय दर साली खोदणार न्हाई," संगप्पा घाईनं म्हणाले. "एकदाच. आन् एकदा बसलो की हलणार बी न्हाई."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "तुम्ही कुठे खोदणार, आजोबा? दुसरेच खोदणार. त्या दिवशी माणसं घाईत असतील, रडत असतील. कुदळ कुणाच्या हातात असेल, कुठे बसेल, कोण बघणार?"

अनिमेष कसनुसा झाला. "पण मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"इचारलं हुतं की."

"मग सांगितलं का नाही?"

"जित्या माणसानं आपली जागा बोटानं दावू न्हाई, लेका. मरणाला आवतन दिल्यागत हुतंय."

घरी येऊन त्यांनी हैदराबादला पोराला फोन लावला. श्रीशैल म्हणाला, "आप्पा, कामून टेन्शन घिऊन राहिलाव? हितं आपल्या लोकांची रुद्रभूमी हाय, येगळी मसनवट. कंपाऊंड, गेट, समदं हाय."

"तिथं मला वळखतं कोण?"

"तिथं कोणच कुणाला वळखत न्हाई, आप्पा," श्रीशैलनं समजूत घातली, आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

दोन दिवसांनी मुग्धा मॅडम अनिमेषला घेऊन वावरात आल्या. न बोलावता. टेप धरून समाधीपासून पट्ट्यापर्यंत मोजलं, मग उलट्या बाजूनं, ओढ्याच्या काठापर्यंत मोजलं. ओढ्याची दरड पायानं दाबून पाहिली. ढेकळं पाण्यात पडली. त्या टेप गुंडाळू लागल्या.

"बसण्यापुरती जागा निघाली असती, तर मी शिफारस केली असती. नाही निघत, आजोबा."

संगप्पांनी मान हलवली. "आन् पट्ट्याच्या पल्याड?"

"पलीकडे कुठेही. तुमचंच रान आहे."

संगप्पा पट्टा ओलांडून निघाले. हरभरा काढून झाला होता. बुडखे पायाला टोचत होते. साठेक फुटांवरचा पलीकडचा खांब मागं टाकला, एक पाऊल पुढं गेले, वळले आणि उगवतीकडं तोंड करून मांडी घालून बसले.

बांधावरून निवृत्ती ओरडला, "आप्पा, मदी लई अंतर पडलं की! आन् तोंड उगवतीला, मंजे तिची पाठच बगत बसायची!"

"जलमभर चुलीम्होरं बसलेली पाठच बगितली," संगप्पा म्हणाले. "वळखू येती मला."

निवृत्तीला म्हशीला पाणी दाखवायचं होतं, तो गेला. मॅडमनी अनिमेषकडून त्या जागेवर खुणेचा दगड ठेवून घेतला, श्रीशैलला जागा सांगून ठेवा म्हणाल्या. त्यांना उजेडात नांदेडपर्यंत पोचायचं होतं. जीप धुरळा उडवत गेली.

संगप्पा बसूनच होते. ओढ्यावरून वारा आला. तो पट्ट्यापर्यंत गार होता, इथं पोचेस्तोवर नुसता वारा झाला. इथून समाधी हातात मावेल एवढी दिसत होती.

उन्हं कलली तसं त्यांनी उठायचं मनावर घेतलं. बसणं सोपं होतं. मांडी मात्र सुटेना. गुडघे धरले होते. कुणी ओढून उठवावं तसा त्यांनी समाधीकडं हात पुढं केला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. मग तो खाली घेतला, दोन्ही तळवे मातीत टेकले, रांगत्या पोरासारखे चार पायांवर आले, आणि एकेक गुडघा सोडवत उभे राहिले.