वरच्या खोलीतली मोजणीवाली

आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू पोरगी तासन्‌तास गप बसू शकायची. गल्लीत तिला मोजणीवाली म्हणत. एकाने तर शेताची हद्द मोजून द्या म्हणून तिला गाठलं होतं.

तिची मोजणी निराळी. जळगावाबाहेर एका संस्थेच्या तळघरात तिचं यंत्र. मी चौथी शिकलेली, मला कळलं ते असं: हायड्रोजनचा गाभा, म्हणजे प्रोटॉन, हळूच दुसऱ्या हलक्या गाभ्यावर सोडायचा. बहुतेक माघारी फिरतात. एखादा आत शिरतो, तेव्हा न दिसणारा किरण निघतो. तो मोजायचा. ताऱ्यांच्या पोटात हेच चालतं म्हणे.

"म्हणजे बसून राहायचा पगार," मी म्हटलं.

"हो अक्का. आणि झालं नाही ते झालं न म्हणायचा."

तिचे वडील नाना, यावलचे केळीवाले. दर शनिवारी एसटीने घड आणत. तळघर थंड, म्हणून ही घड यंत्राशेजारीच ठेवी. येणारा-जाणारा खाई.

यंत्र पाळीने मिळे, आणि तिची पीएचडी त्या पाळीवर अडलेली. एका खेपेला किरण जास्तच दिसू लागले, मग रोज थोडे कमी. तिने भिंती तपासल्या, तारा तपासल्या. घडातली शेवटची फणी संपली तेव्हा आकडा खाली बसला. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातलं थोडं आपोआप किरण सोडतं. खाणाऱ्याला त्याचं काही नाही, पण असल्या नाजूक मोजणीला तेवढं पुरलं. तिला हे कॉलेजपासून ठाऊक. पण घरच्या केळ्यावर कोण संशय घेतं?

तिचे संस्थेतले साहेब म्हणाले, चालवून घे. तिने सगळी मोजणी टाकून दिली. पाळी पुन्हा यायला अख्खा पावसाळा गेला. मी तिला मूर्ख म्हटलं.

"माझ्या आकड्यावर पुढचे लोक ताऱ्यांचं वय मांडतील, अक्का. त्यात आमच्या यावलचं केळं कशाला?"

नानांना मात्र सांगायची हिंमत होईना. घड माझ्याकडे येऊ लागले. शिकरण खाऊन मी वैतागले.

पुढच्या पाळीत तिला चोख आकडा मिळाला. पीएचडी झाली, आणि ती परदेशात डोंगराखालच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत गेली. जाताना ती रडली नाही, मीही नाही. किल्ली खिळ्याला अडकवली आणि रिक्षात बसली.

त्या शनिवारी नाना सवयीने घड घेऊन हजर. मी एकदाचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, म्हातारा खट्टू होईल. नानांनी घड खाली ठेवला, टोपी सारखी केली.

"म्हंजे यंत्रालेबी समजनं," ते म्हणाले, "आमनं केळं कसं शे ते."

आता ते हे एसटीभर सांगत येतात. घड अजून माझ्याच दारात.