अडीच घरांचा राजा

त्या बुधवारी मी माझा राजा उचलला, घोड्यासारखा अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला आणि म्हणाले, "द्या आता शह."

समोर भाभी होत्या. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की भाभी मारवाडीत फक्त रागावतात, बाकी सगळं मराठीत. मी जवळच्या एका शाळेत क्लार्क आहे. बुधवारी शाळा सुटली की दुकानाच्या गादीवर बसून एक डाव खेळायचा आणि मग स्कूटर काढून घरी, शेतावर यायचं, हे आमचं काही वर्षं चाललं आहे. भाभी सूर्यास्ताच्या आत जेवतात. त्यामुळे डाव कधी थांबवायचा यावर वाद होत नाही.

भाभींनी राजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय केलंत?"

"राजाची अडीच घरं. अजून शह बसलेला नाही, म्हणजे चालतं."

"चालतं?"

"चालतं म्हणजे काय, नियमच आहे."

भाभी एरवी एका प्याद्यासाठी भांडतात. त्या दिवशी भांडल्या नाहीत. "बरं, राहू द्या आज," म्हणाल्या आणि मोहरे डब्यात भरायला लागल्या. "जेवायची वेळ झाली."

बाहेर समोरच्या दुकानाच्या पाटीवर अजून चांगलं ऊन होतं. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. अर्थ लागला तो अर्ध्या रस्त्यात, उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकले तेव्हा. मी स्कूटर कडेला घेतली आणि उभी राहिले. राजा अडीच घरं जात नाही. आम्ही खेळतो त्या खेळात तर मुळीच नाही.

तो नियम माझ्या वडिलांचा. माझं माहेर निरगुडसरचं. वडील जुन्या देशी पद्धतीने खेळायचे, कापडी पटावर. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, आणि राजाला शह बसायच्या आधी एकदाच घोड्याची चाल मोकळी असायची. मी तसंच शिकले. पुढे नोकरीला लागल्यावर पुस्तकातले नियम शिकले आणि जुने सोडले, त्यालाही कितीतरी वर्षं झाली. भाभी तर नातवाकडून शिकल्या, त्यांना जुने नियम ऐकूनही माहीत नाहीत. आणि मी त्यांना ठणकावून सांगत होते की नियमच आहे.

विसरणं वेगळं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं हे मी पस्तिशीपासून करते. हे तसं नव्हतं. नवीन पुसलं गेलं होतं आणि खालून जुनं वर आलं होतं, आणि ते जुनं मला त्या वेळी शंभर टक्के खरं वाटत होतं.

माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. एका सकाळी तिने भाकरी जास्त थापल्या. कुणासाठी, तर माझ्या दोन काकांसाठी. दोघेही जाऊन वर्षं लोटली होती. आम्ही हसलो. मग ती जावयाला ओळखेना, पण स्वतःच्या लग्नात आहेर कुणी काय केला ते बिनचूक सांगायची. डॉक्टरांनी तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की या आजारात नवीन आधी जातं, जुनं शेवटपर्यंत राहतं. आईचं ते शेवटपर्यंत राहिलं, आम्ही मात्र तिच्या लेखी राहिलो नाही.

म्हणून ट्रॅक्टर निघून गेला तरी मी तिथेच उभी होते. माझं वय आईच्या त्या वयापेक्षा फार कमी नव्हतं.

घरी काही बोलले नाही. मी गोष्टी तपासून घेणारी बाई आहे. आधीचे डाव आठवून पाहिले. गेल्या काही महिन्यांत मी विचित्र हरले होते, हे खरं. एकदा वजीर सरळ त्यांच्या उंटाच्या मारात नेऊन ठेवला होता. एकदा माझी चाल नसताना चालले होते. पण मधेच सफाईने जिंकलेही होते, आणि त्या जिंकलेल्या डावांत डोकं लख्ख होतं. आजार असा येतो-जातो का? आईचा येत-जात नव्हता. का सुरुवातीला येत-जात होता आणि आमचं लक्ष नव्हतं? इथे माझा विचार अडकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

कारणं शोधली. चष्म्याचा नंबर बदलून घेतला. पाळी जायचे दिवस होते, मैत्रिणींनी सगळं त्यावर ढकललं. मी गुरुवारचा उपवास बंद केला, मग लक्षात आलं की आपण खेळतो बुधवारी. जुन्नरलाच एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासायला लावलं. रक्त चांगलं निघालं.

"झोप कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"उत्तम. पडल्या पडल्या लागते."

ते खरंच होतं. मी खोटं बोलले नाही. दुकानातल्या बाकावर, बँकेच्या रांगेत, एकदा तर स्कूटरवर लाल सिग्नल नसलेल्या चौकात थांबून, मला पडल्या पडल्याच काय, उभ्या उभ्याही लागत होती.

"मग काळजीचं काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "तरी लक्ष ठेवा."

कशावर लक्ष ठेवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी दुकानात जायचं बंद केलं. भाभींना निरोप धाडला की शाळेत काम आहे. खरं म्हणजे मला पटासमोर बसायची भीती वाटत होती. तिथे कळणार होतं, आणि मला कळायला नको होतं.

तीन बुधवार चुकवले. चौथ्या बुधवारी पुतणीच्या डोहाळजेवणासाठी साडी घ्यायची होती. भाभींच्या दुकानाला वळसा घालून दुसरीकडून घेतली असती तर गावभर झालं असतं, म्हणून गेले. साडी झाली. मी पिशवी उचलली तसा त्यांनी गादीखालून पट काढला.

"बसा."

"आज नको भाभी."

"लाईट दिवसाची आहे ना या आठवड्यात तुमच्याकडे?"

"हो. त्याचं काय?"

"मग बसा. आज मीच हरणार आहे, घाबरता कशाला?"

मला काही कळेना. इथे सांगायला हवं की आमच्याकडे विहिरीच्या मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळ्याही सरळ नसतात. कुठे बिघाड झाला की सगळं पुढे सरकतं. रात्रीची लाईट असली की कांद्याला पाणी रात्रीच द्यावं लागतं. पूर्वी नवरा एकटा जायचा. बिबटे वाढल्यापासून आमच्या भागात रात्री एकटं कुणी जात नाही. तो फावडं घेऊन वाफ्यांची दारं फोडतो, बांधतो. मी बांधावर बॅटरी घेऊन उभी राहते आणि मोठ्याने बोलत राहते, म्हणजे जनावराला कळावं. काय बोलायचं हा प्रश्न असतो. बहुतेक वेळा मी त्याला शाळेतली भांडणं सांगते. उजाडता उजाडता परत यायचं, डबा करायचा, शाळेत जायचं. सगळेच करतात.

"तुमच्याकडे रात्रीची लाईट असली," भाभी मोहरे मांडता मांडता म्हणाल्या, "की मला तुमचा वजीर मिळतो. नाहीतर हत्ती तरी मिळतोच. दिवसाची असली की माझे हाल. दिवाळीपासून बघते आहे."

"तुम्हाला काय माहीत आमची लाईट कधी असते?"

"तुमच्या बाजूचं गिऱ्हाईक येतं ना. रात्रीची असली की इथे भिंतीला टेकून घोरतात. बायको साड्या बघते आणि नवरा सगळ्याला हो म्हणतो. धंद्याला बरं असतं."

"दिवाळीपासून माहीत होतं आणि बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? चार-पाच डाव जिंकले फुकटात." मग त्यांनी राजा त्याच्या घरात ठेवला आणि क्षणभर त्यावरून बोट काढलं नाही. "राजा घोड्यासारखा पळवलात त्या दिवशी मात्र घाबरले. म्हटलं पुढच्या बुधवारी सांगू. तर मॅडम गायब."

त्या दिवशी मी जिंकले. पण माझं समाधान झालं नाही. रात्री जागून माणूस चुकतं हे मलाही कळतं. चुकणं म्हणजे हत्ती फुकट जाणं. वडिलांचा नियम वर येणं हे जागरणाचं की आईचं? आणि आणखी एक. आमच्या लहानपणी निरगुडसरला डिंभे धरणाच्या कालव्याचं पाणी यायला लागलं, तेव्हा पाळी रात्रीची असली की वडिलांबरोबर कंदील घेऊन कोण जायचं? आईच जायची. तिच्या झोपेबद्दल तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, पडल्या पडल्या लागते. यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. पण एकदा डोक्यात आलं ते निघेना.

तेव्हा मी ठरवलं की एकदा नीट तपासायचं. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात झोपायचं आणि मग खेळायचं. तेव्हाही राजा पळाला तर मोठ्या डॉक्टरांकडे पुण्याला जायचं, आणि नवऱ्याला सगळं सांगायचं. नाही पळाला तर बघू.

नवऱ्याला अर्धंच सांगितलं.

"बुद्धिबळासाठी आठवडाभर झोपणार तू?" तो म्हणाला.

"हो."

"लई भारी. मग मीबी कबड्डी खेळतो, मलाबी झोपू दे."

"कांदा जळेल."

"आन् मला एकट्याला वाघानं नेलं म्हंजे?"

"तुला नेऊन काय करेल? भावजींना विचार. त्यांचंही पाणी रात्रीचंच आहे ना? दोघांनी मिळून दोन्ही शेतं करा."

भावजी म्हणजे शेजारच्या वावरातला त्याचा चुलतभाऊ. दोघांचं बांधावरून जुनं वाकडं, पण बिबट्यापुढे बांध काय टिकतो? दुसऱ्या दिवशी दोघांनी ठरवून टाकलं. नवरा जाताना म्हणाला, "त्याला तर बोलताबी येत न्हाई राव. नुसता खोकतो. बिबट्या झोपंल ते ऐकून."

मी झोपले. पहिल्या रात्री मोटार सुरू झाली की जाग येत होती, मग येईनाशी झाली. सकाळी उठल्यावर आपण कुठे आहोत हे लगेच कळत होतं. एरवी ते लगेच कळत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

बुधवारी दुकानात गेले. भाभींनी आधी विचारलं, "लाईट?"

"रात्रीची."

त्या खूश झाल्या. डाव सुरू झाला. मी प्रत्येक चालीला स्वतःला विचारत होते, हे पुस्तकातलं आहे की वडिलांचं? प्यादं दोन घरं सरकवलं, पुस्तकातलं. राजा हत्तीमागे नेऊन किल्लेकोट केला, पुस्तकातलं. मधे एकदा राजा कोंडल्यासारखा झाला आणि माझा हात त्याच्याकडे गेला. अडीच घरांवरची ती जागा मला दिसली. मोकळी होती. मी हात मागे घेतला आणि प्यादं चालले.

आणि मग भाभींनी घोडा अशा घरात आणला की तो एकाच वेळी राजाला शह देत होता आणि हत्तीवरही बसला होता. हत्ती गेला. पुढे सगळंच गेलं.

"मात," भाभी म्हणाल्या. "वाटलंच होतं. रात्रीची लाईट."

"मी झोपले आहे आठवडाभर. पाण्याला गेलेच नाही."

त्यांचा हात मोहऱ्यांवरच थांबला. "मग हरलात कशा?"

"तुम्ही चांगलं खेळलात म्हणून."

हे उत्तर त्यांना अजिबात आवडलं नाही. त्यांनी घोडा उचलून उलटसुलट पाहिला, जणू त्यात काही बिघाड असावा. "मग माझं लाईटचं गणित चुकलं म्हणायचं," म्हणाल्या आणि आत जेवायला गेल्या.

माझंही गणित मला नीट मांडता येत नाही. झोपले तर जिंकेन असं मी धरलं होतं. तसं झालं नाही. राजा पळाला नाही, पण हात तर गेला होता. हात जाणं हा आजार की आठवण? वडिलांनी शिकवलेलं कुठेतरी असणारच. पुण्याला जायचं की नाही हे स्कूटर चालवताना मी दोनदा ठरवलं, दोनदा बदललं.

घरी आले तर नवरा ओसरीवर कॉटवर पडला होता. चहा मांडून ठेवला होता, त्यात पत्ती नव्हती, नुसतं गोड दूधपाणी. शिवाय त्याने आदल्या रात्री आमच्या दोन वाफ्यांचं पाणी भावजींच्या वावरात सोडलं होतं, आणि सकाळपासून तो म्हणत होता की सोडलं नाही.

"जिंकलीस का?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"हरले."

"आन् मी तिकडं आठवडाभर मरतोय."

"ऐक तरी कशी हरले ते." मी कॉटच्या कडेला बसले आणि सांगायला लागले. पहिलं प्यादं कुठलं, मग त्यांनी काय केलं, मग माझा उंट. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यातले डाव मला घरी येईपर्यंत कधी उरले नव्हते, हरलेले तर नाहीच, जिंकलेलेही नाहीत. हा पूर्ण होता. एकामागून एक चाल येत गेली, मधे कुठे भोक नव्हतं. किल्लेकोटापर्यंत आले तेव्हा तो घोरत होता. मी आवाज थोडा कमी केला आणि पुढे सांगत राहिले, भाभींचा घोडा येईपर्यंत, मग हत्ती, मग शेवटपर्यंत.

मग उठून चहात पत्ती टाकली. त्या रात्री बॅटरी मी घेतली, त्याला उठवलं नाही. भावजी खोकत होते, आणि मी त्यांना मोठ्याने शाळेतली भांडणं सांगत होते. आता आठवडाभर झोपायचं त्याने आणि जागायचं मी, म्हणून पुढच्या बुधवारी खेळायला येणार नाही, असा निरोप भाभींना सकाळीच धाडायचा होता.