विमानाला रागावणारी आजी

दिल्लीच्या हवाई दलाच्या संग्रहालयात अचानक ऐकू आलं, "हेच काय रे तुझं इमान?" मी महाडचा; विमानाला 'इमान' म्हणणारी आमच्या पोलादपूरकडची बोली लगेच ओळखली. नऊवारीतली एक आजी जुन्या लढाऊ विमानासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. शेजारी तिचा निवृत्त मुलगा ओशाळून हसत होता. विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची सारी नोकरी गेली होती.

"ह्याच्यापायी माझा पोर गणपतीला घरी आला नाय कधी," तिनं माझ्याकडे तक्रार केली. मग दोरीवरून वाकून विमानाच्या चाकावर बोट फिरवलं. "धूळ बसलीय रे तुझ्यावर. पुसायला कोण नाय?"

मुलानं नकळत खिशातून रुमाल काढला. आजीनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"तू नको. तुझी नोकरी सपली."