उंच जमिनीचा लहान आकडा

कन्हेरीच्या शिवारातल्या त्या चारीला पाणी का चढलं नाही, हे मला ठाऊक होतं. आजवर मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. घरातसुद्धा नाही.

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. कालव्याचं पाणी शेतांपर्यंत न्यायची चारी कुठून काढायची, यासाठी जमिनीची उंची मोजायचं काम माझ्याकडं होतं. दुर्बीण मी लावायचो. समोर आकड्यांची पट्टी धरायला एक खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस गडी होता, इंदापूरकडचा. माझा मुक्काम एका शेतकऱ्याच्या ओसरीवर. गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही म्हणायला लागलो. दुर्बिणीत माणूस उलटं दिसतं म्हणून बायका तिच्यासमोरनं जात नाहीत, असं ते हसत सांगायचे आणि मग खोदून खोदून विचारायचे. मीही खुलायचो. जमीन उंच असली की पट्टीवरचा आकडा लहान येतो, खोलगट असली की मोठा, हे भाकरी मोडता मोडता मीच त्यांना शिकवलं.

त्यांचा माळ जरा उंच होता. तिथली मोजणी चालू असताना खलाशी विहिरीवर पाणी आणायला गेला. तात्या म्हणाले, द्या, तोवर मी धरतो. बाहेरच्या माणसाच्या हाती पट्टी द्यायची नसते, तरी मी दिली. ते बांधाआड उभे राहिले. आकडा वाटला होता त्याहून मोठा आला. जाऊन बघायला हवं होतं, पण ज्यांच्या घरी जेवतो त्यांच्यावर संशय घ्यायची लाज वाटली.

चारी त्या माळावरून मंजूर झाली, खोदली गेली. पाणी सोडलं तर ते माळाच्या अलीकडंच तुंबून राहिलं. तात्यांना एकट्यात गाठून मी विचारलं, पट्टी खड्ड्यात धरली होती का? ते सुपारी कातरत होते.

"व्हय. तुमीच शिकीवलं की, रावसाहेब. म्हटलं, एकदा चारी मंजूर हू दे, पाण्याचं मागनं बघू."

"आणि मी वर काय सांगू?"

"खलाशानं पट्टी नीट धरली न्हाय म्हना. आमी बी तेच सांगतो."

चौकशीत त्यांनी ते सांगितलंही, कुणी न विचारता. आपल्याच ताटातलं उष्टं कुणी आपल्या तोंडावर फेकावं, तसं मला झालं. मग साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. खलाशीही पाहत होता. मी खरं सांगणार याची त्याला खात्री होती. मी मान डोलावली. त्याला कामावरून काढलं.

तात्यांचा राग अजून येतो. तो करायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

खलाशी अजून इंदापूरकडंच आहे. त्याच्या दारात जाऊन, त्याच्या मुलांदेखत, चूक त्याची नव्हती हे सांगण्याचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.