लाल रंग वर

काही दाखवायचं असलं की तो बोट उचलत नसे. ओठांचा चंबू करून तिकडे वळवायचा. इच्छापोरच्या कारखान्यात हा फिलिपिनो फोरमन आला, तेव्हा आम्हा वेल्डरांची चार दिवस हसून पुरेवाट झाली. तुम्हीही हसला असता.

मला चौकशांची खोड. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या शेजारीच डबा उघडायचो. आमच्याकडूनच शिकलेल्या मोडक्या हिंदीत तो म्हणे, "आपका पंद्रह अगस्त, हमारा बारह जून."

त्याचे आजोबा आधी स्पेनशी लढले. बारा जूनला त्यांच्या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तर मागोमाग अमेरिका येऊन बसली. पुन्हा लढाई. मग झेंडा लावायलाही बंदी.

"लगाया तो?" मी विचारलं.

"जेल."

आजोबा त्या बंदीतच वारले. स्वातंत्र्य फार उशिरा मिळालं. "लढाई संपली हे त्यांना कुणी सांगितलंच नाही," असं आजी मरेपर्यंत म्हणत राहिली. हे सांगताना त्याचा घास हातातच राहायचा.

बारा जून जवळ आला तसा आम्ही गुपचूप बेत केला. उधन्याहून कापडाचे तुकडे आणले, डिंडोलीतल्या शिंप्याकडून सूर्य-ताऱ्यांसकट झेंडा शिवून घेतला आणि सकाळीच कँटीनमागच्या पाइपवर चढवला. आपला भगवा वर असतो, म्हणून त्यांचा लाल वर. एवढी अक्कल आम्ही चालवली.

तो आला, वर बघितलं आणि जागीच थबकला.

"लाल ऊपर? ये तो लड़ाई चालू हो, तब लगाते हैं."

आमचे चेहरे उतरले. मी दोरी सोडायला धावलो, तर त्याने माझा हात धरला.

"रहने दो. दादाजी का ऐसा ही था."

बऱ्याच वेळाने त्याने स्वतः झेंडा उतरवला, फिरवून बांधला आणि निळा रंग वर करून पुन्हा चढवला. मग वर बघत आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला. मला कुठलं राहवतंय!

"क्या बोला?"

"बोला, दादाजी, लड़ाई खतम."

पन्नाशीचा तो गडी ढसाढसा रडला. आम्हालाही आवरेना.

दिवाळीआधी त्याचं कंत्राट संपलं आणि तो गेला. झेंडा त्यालाच दिला. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "आई, आपले आजोबा काय करायचे गं?"

आईने हातातलं काम ठेवलं आणि समोर येऊन बसली.