घट्टकाका आणि बरणीतली मंडळी

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला धुळीचा धसका असायचाच, पण काकांनी तो घरीही आणला होता. सैल झाकण दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. शाम्पूची बाटली उघडायलासुद्धा काकूंना त्यांनाच हाक मारावी लागे. गल्लीत सगळे त्यांना घट्टकाकाच म्हणत.

काकूंना घरी पाव भाजायचा नाद लागला. पीठपाणी आंबवून केलेलं खमीर त्यांनी बरणीत भरलं, झाकण नुसतं टेकवलं आणि बजावलं, "अहो, याला हात लावायचा नाही हं."

काकांनी बरेच दिवस कळ काढली. पण एका सकाळी स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून त्यांनी झाकण पिळलंच.

दुपारी काकूंचे थोरले भाऊ आले. रक्तदाब कसा आटोक्यात आणला ते रंगवून सांगत असतानाच धडाम् आवाज झाला. झाकण दिव्याला लागलं, खमीर छताला, आणि छतावरचं सावकाश भाऊंच्या टकलावर.

"बाहेर टायर फुटला वाटतं," काका म्हणाले.

काकूंनी छताकडे बोट दाखवलं. काकांनी मान खाली घातली.

शाळेत विज्ञान शिकवणारी त्यांची मुलगी आवाज ऐकून आतल्या खोलीतून धावत आली. "बाबा, यात जिवंत जीव असतात! ते पिठातली साखर मोडून जगायची शक्ती मिळवतात आणि वायू सोडतात. तो जायला वाट नको?"

"पण हवाच बंद केली होती मी!"

"हवेवाचूनही जगतात ते. फक्त तेव्हा शक्ती फार थोडी मिळते, म्हणून साखर आणखी भराभर फस्त करतात."

काका हळहळले. "म्हणजे मी कोंडलं, तरी बिचारे राबतच होते."

"बिचारे ते नाहीत," काकू भावाला टॉवेल देत म्हणाल्या, "बिचारा हा."

बरणीच्या तळाशी उरलेलं खमीर काकांनी आपल्या कामाच्या टेबलावर नेलं. रोज सकाळी त्याला पीठ घालताना विचारू लागले, "काय मंडळी, भूक लागली का?" काकू म्हणाल्या, इतकी चौकशी लग्नानंतर माझीही झाली नव्हती.

पहिला पाव काकांनीच भाजला. एका बाजूने करपला, मधोमध खचला. तो घेऊन ते मेहुण्यांकडे माफी मागायला गेले. मेहुण्यांनी दारातच पिशवी उघडली, एक तुकडा मोडून तोंडात टाकला, मग दुसरा.

"लोणी आणलंय का?" त्यांनी विचारलं, आणि काकांना आत घेतलं.